देवाविरुद्धची पुस्तकं, आणि तीही लोकांच्याच भाषेत? सोव्हिएत यिडिशबद्दल विचारायचं आहे

सातारचा_वाचक

नमस्कार मंडळी. माझे आजोबा कामगार चळवळीत होते. त्यांच्या पेटीत मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं पुष्कळ होती, लोकवाङ्मय गृहातून आणलेली. त्यामुळे तिकडचे लोक आणखी कुठल्या कुठल्या भाषांत काय छापत असतील, हे कुतूहल मला लहानपणापासून आहे. सध्या मी गावातल्या विवेकवादी गटासाठी एका व्याख्यानाची तयारी करतोय. वाचताना असं आढळलं की १९३१ ते १९३५ या काळात मॉस्कोहून 'देर आपिकोयरेस' नावाचं यिडिश भाषेतलं, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीभाषेतलं, नियतकालिक निघत होतं. नावाचा अर्थ पाखंडी. त्याच्या आधी, १९२७ साली, ज्यूंच्या वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीचंच नास्तिक रूप यिडिशमध्ये छापून निघालं होतं.

मला हे फार आवडलं. आपल्याकडे आगरकरांनी मराठीतच लिहून मराठी माणसाला जागं केलं, तसंच हे वाटलं. पण थोडा गोंधळही आहे. सरकार रशियन, मग एवढा खर्च करून अल्पसंख्याकांच्या भाषेत का छापलं? लोकांनी ते खरंच वाचलं का? आणि मातृभाषेतल्या प्रबोधनाचा नमुना म्हणून मी हे उदाहरण व्याख्यानात घेऊ शकतो का? कुणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा.

इतिहासाचे_मास्तर

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. १९२६ च्या सोव्हिएत जनगणनेत २६ लाखांहून अधिक ज्यू नोंदले गेले आणि त्यातल्या सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त लोकांनी मातृभाषा यिडिश सांगितली. झारच्या राज्यात बहुतेक ज्यूंना पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्याबाहेर राहायची परवानगीच नव्हती, त्यामुळे लहान लहान गावांत ही भाषा घट्ट टिकून होती. ज्याला रशियन वाचता येत नाही त्याच्या हातात रशियन पत्रक देऊन काय होणार? स्तालिनचं सूत्रच होतं, रूप राष्ट्रीय आणि आशय समाजवादी. बेलारूसमध्ये तर विसाच्या दशकात यिडिश ही चार अधिकृत भाषांपैकी एक होती. राजमुद्रेवर 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' हे यिडिशमध्येही कोरलेलं होतं.

दुसरं कारण राजकीय. रशियन अधिकाऱ्यानं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, कुलूप लावलं असतं तर लोकांना झारच्या काळातल्या दंगली आठवल्या असत्या. म्हणून हे काम ज्यूंकडूनच करवून घेतलं. कम्युनिस्ट पक्षात १९१८ साली ज्यू विभाग निघाला, येव्सेक्त्सिया. त्याचा प्रमुख सेम्यॉन दिमानश्टाइन स्वतः रब्बीपदाचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, शिक्षण पुरं केलेला माणूस होता. १९२१ साली नववर्षाच्या सणाच्या दिवसांत या मंडळींनी कीव्हमध्ये ज्यू धर्मावरच जाहीर खटला चालवला. आणि तो ज्या दालनात भरवला, तिथेच १९१३ साली मेंडेल बेलिस नावाच्या निरपराध ज्यूवर ख्रिस्ती मुलाच्या बळीचा खोटा खटला चालला होता. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. ती ऐकल्यावर मुलं थोडा वेळ गप्प बसतात.

रामल्याची_ठाणेकर

सातारकर भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि दुपारचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी इतिहास शिकलेली नाही. पण त्या पुस्तकांवर वाढलेल्या एका बाईंना मी सात वर्षं सांभाळलंय, म्हणून लिहिते.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा, मूळ गाव अलिबागेजवळ. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे, तेच आम्ही. लग्नानंतर इस्राएलला रामल्यात आले. इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करते. १९९६ ला एका आजींकडे लागले. त्यांचा जन्म १९२४ चा, गाव बेलारूसमधलं बोब्रुइस्क. सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा मुलाबरोबर इकडे आल्या. त्यांचं हिब्रू तोडकंमोडकं आणि माझी यिडिश शून्य. पण रोज अंघोळ घालता घालता, औषधं देता देता मी शिकत गेले.

आधी त्या पोथीबद्दल. तिला हगादा म्हणतात. वल्हांडणाच्या रात्री ती सिनेगॉगमध्ये नाही, घरात जेवायला बसल्यावर वाचायची असते. घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं, आजची रात्र वेगळी का, आणि मोठी माणसं ज्यू लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटल्याची गोष्ट सांगतात. कोकणात आमच्या बायकांना हिब्रू कुठून येणार? म्हणून १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासकट हगादा छापली गेली. पुण्याच्या प्रतीत चित्रं आहेत, लुगडं नेसलेल्या बायका खाली बसून सणाच्या बेखमीर भाकऱ्या करतायत. माझ्या सासूबाई मराठीतूनच वाचायच्या. तेव्हा स्वतःच्या भाषेत पोथी असणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

१९२७ सालची मॉस्कोची हगादा मोशे आल्टशुलर यांची. 'श्रद्धाळूंसाठी आणि पाखंड्यांसाठी' असं तिच्या नावातच आहे. लिहिणाऱ्याला मूळ हगादा तोंडपाठ असणार, कारण एकही पायरी सोडलेली नाही. सणाच्या आदल्या दिवशी घरातलं खमीर शोधून जाळतात, तिथे भांडवलदार आणि त्यांचे साथीदार क्रांतीच्या आगीत जळोत असं केलंय. हात धुतो तिथे भांडवलशाहीचा चिखल धुवा, आणि वर आशीर्वचन म्हणू नका, शाप द्या. शेवटी 'पुढच्या वर्षी यरुशलेमेत' म्हणतो तिथे पुढच्या वर्षी जागतिक क्रांती. हे वाचून मला राग यायला हवा होता. नाही आला. त्यात घरातल्याच माणसानं केलेल्या भांडणाची ऊब आहे, ती मला नाकारता येत नाही. 'आपिकोयरेस' हा शब्दसुद्धा रब्बींचाच. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावरून तो तालमूद या रब्बींच्या ग्रंथात आला, आणि अशा माणसाला पुढच्या जगात वाटा नाही असं त्यातल्याच मिश्ना या भागात लिहिलंय. ती शिवी त्यांनी उचलून आपल्या नियतकालिकाच्या कपाळावर लावली. ज्याला मूळ माहीत आहे त्यालाच हे कळणार. आणि ज्याला मूळ माहीतच नाही अशी पिढी तयार करणं हाच तर उद्देश होता!

आता खरी गोष्ट लिपीची. यिडिश हिब्रू अक्षरांत लिहितात. हिब्रूतून आलेले शब्द मात्र मूळ हिब्रूप्रमाणेच लिहायचे, उच्चार काहीही असो, अशी शेकडो वर्षांची रीत. जसं आपण 'ज्ञान' लिहितो, 'द्न्यान' लिहीत नाही. सोव्हिएत यिडिशनं ही रीत मोडली. सगळं उच्चाराप्रमाणे. पुढे तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला शब्दाच्या शेवटी येणारी पाच वेगळी अक्षरंही काढून टाकली. शिकायला सोपं, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण परिणाम बघा. पक्षाच्या यिडिश वर्तमानपत्राचं नाव 'देर एमेस', म्हणजे सत्य. एमेस हा हिब्रू शब्द, आलेफ, मेम, ताव या तीन अक्षरांचा. वर्णमालेचं पहिलं अक्षर, मधलं आणि शेवटचं. सत्य या टोकापासून त्या टोकापर्यंत असतं, असं आमचे जुने लोक मुलांना शिकवत. वर्तमानपत्राच्या मथळ्यावर तो आयिन, मेम, आयिन, सामेख असा लिहिलेला असायचा. आवाज तोच राहिला, पण ते तीन अक्षरांचं सांगणं गेलं.

आजी याच लिपीत वाचायला शिकल्या. यिडिश शाळा, सरकारी, फुकट. अक्षर सुंदर होतं त्यांचं. १९९१ साली इथल्या विमानतळावर उतरल्या तेव्हा समोर मोठा फलक होता, 'शालोम'. शब्दाच्या शेवटी येणारं मेम त्यांनी शाळेत कधी पाहिलेलंच नव्हतं. ते चौकोनी असतं, सामेखसारखं, म्हणजे 'स'च्या अक्षरासारखं दिसतं. त्यांनी वाचलं 'श्लुस'. यिडिशमध्ये श्लुस म्हणजे संपलं. हे मला सांगताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. सदुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर वाचत आलेली, आणि जगातल्या प्रत्येक ज्यूला येणारा शब्द तिला वाचता आला नाही.

तुम्ही विचारलंत, लोकांनी वाचलं का. आजी म्हणायच्या, आम्ही मुलांनी वाचलं, घोकलं, नाटकं केली. वल्हांडणाच्या आठवड्यात खमिराचा पाव खायचा नसतो, आणि नेमका तोच शाळेतल्या बाईंनी प्रत्येकाला आणायला सांगितला होता, वर्गात सगळ्यांसमोर खायला. आजींनीही खाल्ला. घरी आल्यावर त्यांच्या आजीनं काही विचारलं नाही, चूळ भरायला लावली आणि मग मात्झा हातात दिली. मात्झा म्हणजे तीच बेखमीर भाकरी. त्याच शिक्षिकेची आई रात्री आजींच्या आजीबरोबर मात्झासाठी पीठ आणायला जायची. बाईंना ते ठाऊक होतं, त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या, हे आजी मला पुन्हा पुन्हा बजावायच्या. शिकवायला जीव ओतायच्या. उवा झालेल्या मुलींची डोकी स्वतः धुवायच्या.

तेव्हा भाऊ, आगरकरांशी तुलना करताना एक बघा. आगरकरांनी 'सुधारक' काढला तेव्हा त्यांना उत्तर द्यायला छापखाने मोकळे होते. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, फार क्रूर वागले, पण वाचकाच्या हातात दोन्ही बाजू येत होत्या. बेलारूसमध्ये रब्बींच्या हातात काय होतं? स्लुत्स्कचे रब्बी येहेझ्केल अब्राम्स्की यांनी १९२८ च्या सुमारास एक धार्मिक नियतकालिक काढलं. दोन अंक निघाले. पुढे त्यांना पकडून सैबेरियाला पाठवलं. हिब्रू भाषा तर आधीच प्रतिगामी ठरवून शाळांतून काढली होती. एका माणसाचं तोंड बांधून दुसऱ्याला त्याच्याशी वाद घालायला सांगितलं, तर त्या वादाला मी प्रबोधन म्हणणार नाही, तो दुसरा कितीही हुशार आणि प्रामाणिक असला तरी.

आणि ज्यांनी हे काम केलं त्यांचं काय झालं? येव्सेक्त्सिया १९३० च्या जानेवारीत बंद केली. दिमानश्टाइनना १९३८ साली गोळी घातली. 'देर एमेस'चे संपादक मोशे लित्वाकोव्ह १९३७ साली पकडले गेले ते परत आले नाहीत. एस्तेर फ्रुमकिन, रब्बींविरुद्ध इतक्या त्वेषानं लिहिणारी बाई, कारागांदाच्या छावणीत १९४३ साली मेली. 'देर एमेस' १९३८ साली बंद. त्याच वर्षी बेलारूसमधल्या यिडिश शाळाही बंद. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या. सुट्टीनंतर शाळेत गेल्या तर तीच इमारत, तीच बाकं, आणि शिकवणं बेलारूशियनमध्ये. पुढे १९४१ ला जर्मन आले. आजी आईबरोबर उरलला निघून गेल्या म्हणून वाचल्या. त्यांच्या ज्या आजीनं चूळ भरायला लावली होती ती बोब्रुइस्कलाच राहिली. तिचं काय झालं ते लिहवत नाही मला.

लिपी_आणि_माणसं

ठाणेकर ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. फक्त एक जोडतो. हे यिडिशपुरतं नव्हतं. ताश्कंदहून विसाच्या दशकाच्या शेवटी उझबेक भाषेत 'खुदोसिझलार' निघत होतं, म्हणजे 'देव नसलेले'. त्यातला 'खुदो' आपल्याला ओळखीचा, आपण खुदा म्हणतो. मध्य आशियातल्या भाषांची अरबी लिपी त्याच सुमारास काढून रोमन आणली, आणि १९४० च्या आसपास ती काढून रशियन लिपी आणली. एका आयुष्यात दोनदा. नातवाला आजोबांची वही वाचता येईना, मग ती वही धर्माची असो, हिशेबाची असो की प्रेमाच्या कवितांची. देवाविरुद्धचा लेख कुणी वाचला, कुणी नाही वाचला. लिपी बदलली तिची झळ मात्र सगळ्यांनाच बसली.

सातारचा_वाचक

ताई, मी विचार करत बसलोय. खरं सांगायचं तर माझ्या मनात व्याख्यान तयार झालं होतं आणि आता ते तसं देता येणार नाही. पण मला हेही म्हणायचं आहे की त्या शाळांनी मुलींना शिकवलं, त्या गावांमधलं दारिद्र्य आणि कर्मठपणा खोटा नव्हता. आंधळेपणानं धर्म पाळणाऱ्या घरात माझी आई कशी जगली ते मी पाहिलंय. धर्माची चिकित्सा करूच नये, असं तर तुम्ही म्हणत नाही ना? आणि ती पुस्तकं आता कुठे बघायला मिळतात?

रामल्याची_ठाणेकर

नाही हो, तसं अजिबात नाही. तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही बायकांनी काय काय सोसलंय ते मला माहीत आहे. चिकित्सा करा, मराठीत करा, माझ्यासारखीला झोंबेल अशी करा. मी तुम्हाला मराठीत उत्तर देईन, एवढीच माझी अट आहे.

व्याख्यानात १९२७ च्या पुस्तकाशेजारी आणखी एक पुस्तक ठेवा, असं मी सुचवीन. १९६३ साली कीव्हमध्ये युक्रेनच्या विज्ञान अकादमीनं त्रोफिम किच्को यांचं ज्यू धर्मावरचं पुस्तक छापलं. तेही धर्मविरोधी प्रकाशनच. पण ते यिडिशमध्ये नव्हतं, युक्रेनियनमध्ये होतं. ज्यूंनी वाचावं म्हणून नव्हतं, ज्यूंबद्दल इतरांनी वाचावं म्हणून होतं. त्यातली वाकड्या नाकांची चित्रं बघून पश्चिमेकडच्या कम्युनिस्ट पक्षांनीसुद्धा निषेध केला आणि १९६४ साली मॉस्कोला त्या पुस्तकावर टीका करावी लागली. या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात यिडिशचं काय झालं? 'देर एमेस' नावाचं प्रकाशनगृह १९४८ साली बंद झालं. १२ ऑगस्ट १९५२ ला मॉस्कोत तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यात पेरेत्झ मार्किश, दोविद बेर्गेलसन, लेब क्वित्को, दोविद होफश्टाइन आणि इत्झिक फेफर हे यिडिशचे लेखक होते. त्यातला कुणी सिनेगॉगचा पुजारी नव्हता. ती भाषा लिहिणारी माणसं होती. १९२७ साली सरकारला देवाविरुद्ध बोलायला ही भाषा हवी होती. काम झाल्यावर भाषाही नको झाली.

पुस्तकं यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मी आल्टशुलरची हगादा तिथेच हातात घेतली. पातळ आहे. कागद पिवळा पडलाय.

आणि एक सांगायचं राहिलं. १९९८ च्या वल्हांडणाला मी आजींना आमच्या घरी आणलं. माझ्या मुलानं हिब्रूत चार प्रश्न म्हटले, सासूबाईंनी मराठीतून अर्थ वाचला. मग आजी म्हणाल्या, मलाही येतात. त्यांनी म्हटले ते शाळेतले, लाल झेंड्याचे, झारचे. एकही ओळ चुकली नाही. सगळे शांतपणे ऐकत होते. म्हणून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, यिडिशमधले खरे कसे होते गं? त्यांचे आजोबा घरी सेदेर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचा हा विधी, करायचे, पण ते १९३१ ला गेले, शाळा सुरू झाली त्याच वर्षी. आजींच्या डोक्यात फक्त शाळेचे उरले होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलंडचे आजोबा राहायचे. त्यांच्याकडून मी सुरुवात लिहून घेतली, देवनागरीत, माझ्या डायरीत. पुढच्या आठवड्यात आजींचे केस विंचरताना म्हटली: ताते, इख विल बाय दिर फ्रेगन फिर काशेस. बाबा, मला तुम्हाला चार प्रश्न विचारायचेत.

आजींनी कंगवा धरलेला माझा हात थांबवला. म्हणाल्या, काशेस नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं श ला स म्हणायची. कासेस. फिर कासेस.